स्थिती : गंजलेली

संग्रहालयांच्या जुन्या दाखल-नोंदवह्यांमध्ये धातूच्या वस्तूंपुढे ‘स्थिती’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. पहिल्या ओळीत त्यात लिहिलेलं असतं ‘गंजलेली’ आणि खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’. लोखंडाचा खिळा गंजलेला, तांब्याचं कडं गंजलेलं, शिशाचा गोळा गंजलेला, चांदीचं नाणंही गंजलेलंच. लिहिणाऱ्याने खोटं काहीच लिहिलेलं नाही. पण तो खिळा दोन-चार पावसाळ्यांत पापुद्र्यांचा ढीग होणार असतो आणि ते कडं आणखी शेकडो वर्षं तसंच राहू शकतं, हे दोघांना एकच शब्द मिळाल्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. उत्खननातल्या धातूंची सूची करायला बसलं की माझं लक्ष सगळ्यांत आधी या रकान्याकडे जातं. सापडल्याची जागा, थर, खोली हे उत्खनकाने बहुधा लिहून दिलेलं असतं. स्थिती मात्र सूची करणाऱ्यानेच पाहायची असते, आणि त्या दिवशीची स्थिती पुन्हा कधी पाहायला मिळत नाही.

वडोदऱ्यात हा विषय काढायला निमित्त लागत नाही. १९५१ साली शहराच्याच अकोटा भागात सापडलेल्या ६८ जैन धातुमूर्तींचा संच इथलाच. कलेतिहासाचे अभ्यासक उमाकांत शहांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. जीवंतस्वामींचा (राजपुत्राच्या वेषातल्या महावीरांचा) मुकुट, ऋषभनाथांचे चांदी भरलेले डोळे, पीठांवर कोरलेले लेख हे सगळं त्यांना वाचता आलं, कारण शतकानुशतकं मातीत राहूनही त्या धातूंचा पृष्ठभाग उरला होता. सयाजीबागेतल्या संग्रहालयात त्यांच्यापुढे लोक थांबतात, आणि थांबावंच. पण धातूंच्या सूचीचं खरं काम चालतं ते मागच्या खोल्यांतल्या डब्यांवर. महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे, देशातला पहिला. तिथल्या पुरातत्त्व विभागाने कच्छ-सौराष्ट्राच्या बाजूला शिकारपूर, बगसरा अशी हडप्पाकालीन स्थळं खणली. ती भूमी खाऱ्या हवेची आणि खाऱ्या मातीची. अशा मातीतून निघालेला तांब्याचा तुकडा सोबत मीठ घेऊनच येतो, आणि पुढचा सगळा त्रास त्या मिठाचा आहे.

त्यात इथली हवा. वैशाखात दुपारी सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि आषाढ-श्रावणात ८०च्या वर दिवसचे दिवस मुक्काम करते. वर्षातून एकदा वाळायचं आणि एकदा भिजायचं, असा हा फेरा कपाटाच्या आतही चालू असतो.

तांब्यावरचा हिरवा थर आपल्याला घरून माहीत आहे. दांडिया बाजारातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात ताम्हण-पळी-पंचपात्र चिंच आणि मीठ लावून घासतात आणि ते लखलखतं. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं तर ते कळकतं, हेही आजीने सांगितलेलं असतं. भांड्याच्या बाबतीत हे ज्ञान अगदी बरोबर आहे. उत्खननातल्या वस्तूच्या बाबतीत मात्र चिंच म्हणजे आम्ल आणि मीठ म्हणजे क्लोराइड, म्हणजे जे दोन पदार्थ तिच्यापासून लांब ठेवायचे तेच आपण तिच्या अंगावर चोळतो. दुसरं असं, की रोजच्या भांड्याचा पृष्ठभाग धातूचा असतो, घासलं तर खाली धातूच लागतो. पुरलेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. धातू बाहेर झिरपत-झिरपत खनिज झालेला असतो, आणि कारागिराने ओढलेली रेघ, छिन्नीचा घाव, अक्षराची वेलांटी हे सगळं त्या खनिजाच्या दोन थरांमधल्या एका पातळ रेषेवर उरलेलं असतं. थर काढला की ती रेषही जाते. म्हणूनच आधी सूची, मग सफाई. सफाई लागेलच असंही नाही.

हिरवा म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे लिहावं लागतं. धातूला लागून बहुधा लालसर तपकिरी थर असतो, तो क्युप्राइटचा. त्यावर गडद, घट्ट, कधी काचेसारखा गुळगुळीत हिरवा, तो मॅलेकाइटचा. क्वचित निळा अ‍ॅझुराइट. हे तिघे शांत असतात. काळजी करायची ती फिकट, पोपटी, पिठासारख्या भुकटीची. सुईच्या टोकाने हलकंच स्पर्श केला की ती सुटते, खाली छोटा खड्डा दिसतो, आणि खड्ड्याच्या तळाशी कधी करडं, मेणासारखं काहीतरी असतं. ते क्युप्रस क्लोराइड. दमट हवा लागली की ते प्राणवायूशी मिळून फिकट हिरवी भुकटी होतं आणि सोबत आम्ल सुटतं. ते आम्ल आतल्या तांब्याला खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं, आणि चक्र फिरत राहतं. भुकटी मूळच्या धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे वरचा चांगला थर उचलला जातो आणि खपली पडते. याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. एका वस्तूवरून दुसरीवर तो जंतूसारखा उडत नाही. एकाच डब्यातल्या चार वस्तूंना तो एकदम होतो, कारण चारही त्याच खाऱ्या मातीतून आल्या आणि त्याच दमट डब्यात बसल्या. आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या पुढे गेली की हा रोग जागा होतो, ५५च्या पुढे जोर धरतो. वडोदऱ्यातल्या पावसाळ्यापुढे हे आकडे ठेवले की उघड्या मांडणीवर ठेवलेल्या तांब्याचं काय होणार ते वेगळं सांगावं लागत नाही.

डाग जिवंत आहे की जुनाच आहे, अशी शंका येते तेव्हा एक साधी परीक्षा आहे. ओल्या कापसाची लहान वाटी ठेवलेल्या झाकणबंद डब्यात तो तुकडा २४ तास ठेवायचा. नवे पोपटी ठिपके उमटले तर उत्तर मिळालं. पण ही परीक्षा म्हणजे रोगाला जेवण घालणं आहे. ती फक्त निनावी तुकड्यांवर करावी, मूर्तीवर किंवा नाण्यावर कधीही नाही. त्यापेक्षा सुटी पडलेली भुकटी उचलून तिचा कण विरल नायट्रिक आम्लात विरघळवावा आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडावा. दुधासारखा पांढरेपणा आला की क्लोराइड आहे. वस्तूला हातही लागत नाही.

लोखंडाचं दुखणं याहून वाईट. जमिनीत असेपर्यंत मीठ गंजाच्या आणि धातूच्या सांध्यात दबून राहिलेलं असतं. बाहेर काढल्यावर वस्तू वाळते, हवा आत शिरते आणि सांध्यातलं लोह-क्लोराइड फुगणारा नारिंगी गंज होऊ लागतं. वरचं कवच आतून ढकललं जातं. आधी लांबीच्या दिशेने बारीक चीर दिसते, मग खपल्या उडतात, आणि उडालेल्या खपलीच्या आतल्या बाजूला भडक नारिंगी रंग दिसतो. दमट दिवसांत अंगावर पिवळसर-तपकिरी थेंब उभे राहतात. ते वाळले की पोकळ, चकचकीत फोडांसारखे दिसतात. नोंदीत हे फोड वेगळे लिहिले पाहिजेत, कारण वर्षानंतर पाहणाऱ्याला ती मातीची ढेकळं वाटतात. अशा लोखंडाला आर्द्रता १५ टक्क्यांच्या आत लागते. २०ला काम हळूहळू चालू असतं, ३०च्या पुढे वाढतच जातं. म्हणजे जी हवा तांब्याला पुरेशी कोरडी, तीही लोखंडाला ओलीच. दोघांना एका डब्यात ठेवायचं नाही.

आता प्रत्यक्ष टेबल. पांढरा कागद अंथरलेला उथळ ट्रे, वर तिरपा प्रकाश टाकणारा दिवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्लास्टिकच्या जबड्याचं कॅलिपर, वजनकाटा. हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोज्यांचे धागे खपल्यांत अडकतात, लॅटेक्समध्ये गंधक असतं, आणि उघड्या हाताचा घाम म्हणजे पुन्हा मीठच. पिशवी उचलली की पहिलं काम तिचा तळ पाहण्याचं, आणि तेही न हलवता. तळाशी किती भुकटी आहे, कोणत्या रंगाची, किती खपल्या, सगळ्यांत मोठी केवढी. हे लिहून, फोटो काढून, खपल्या छोट्या पिशवीत त्याच क्रमांकाने वेगळ्या ठेवायच्या आणि वस्तूला नवी, स्वच्छ पिशवी द्यायची. पुढच्या खेपेला या नव्या पिशवीच्या तळाशी जे दिसेल ते सगळं मधल्या काळातलं असेल. गंज चालू आहे की थांबला, याचं इतकं स्वस्त आणि इतकं भरवशाचं मापन दुसरं नाही.

लोखंड ओळखायला चुंबक वापरतात. चुंबक वस्तूला टेकवू नये, कारण तो झडप घालून खपली उपटतो. छोटा चुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्यावा आणि दोरा तिरपा होतो का पाहावं. दोरा हलला नाही म्हणजे लोखंड नाही, असंही नाही. पूर्ण खनिज झालेल्या लोखंडात धातू उरलेलाच नसतो. तेव्हा नोंद करायची ती ‘चुंबकाला प्रतिसाद नाही’ एवढीच. निष्कर्ष वेगळ्या ओळीत.

दिसलं ते एका ओळीत आणि वाटलं ते दुसऱ्या ओळीत, ही शिस्त धातूच्या नावालाही लागू आहे. हिरवं दिसलं की ‘तांबे’, सोनेरी झाक दिसली की ‘पितळ’, मूर्ती असली की ‘कांस्य’ असं लिहिण्याची जुनी सवय आहे. पृथक्करण झालेलं नसेल तर ‘तांब्याचा मिश्रधातू’ हेच बरोबर. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने आता मिनिटभरात कोणता धातू किती टक्के याचे आकडे मिळतात, पण ते पृष्ठभागाचे आकडे असतात. गंजताना तांबं झिरपून जातं आणि कथील मागे राहतं, त्यामुळे थरावर धरलेलं यंत्र कथील खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. आकडा लिहायचा तर तो कुठे घेतला, थरावर की ताज्या तुटीवर, हे सोबत लिहायलाच हवं. नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी त्यावर मिश्रधातूंचा इतिहास रचतं.

नाण्यांत हा सापळा आणखी खोल. गुजरातभर सापडणारी गधैया नाणी हलक्या चांदीची असतात, चांदीत तांबं भरपूर. मातीत तांबं आधी बाहेर येतं आणि नाणं वरून पूर्ण हिरवं होतं. नोंदवहीत ते तांब्याचं म्हणून चढतं, तांब्याच्या डब्यात जातं, आणि नाणेशास्त्राच्या अभ्यासकाला सापडतच नाही. वजन शतांश ग्रॅमपर्यंत घ्यावं, काठ भिंगाखाली पाहावा, एखाद्या जुन्या ओरखड्यात पांढरी चमक दिसते का ते शोधावं. पश्चिम क्षत्रप या इथल्या प्राचीन राजघराण्याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक संवताचे अंक असतात. ते अंक म्हणजे त्या नाण्याचं अर्धं मोल, आणि ते नेमके काठाजवळ, जिथे थर जास्त. चांदीवरचा जाड करडा-जांभळट थर बहुधा सिल्व्हर क्लोराइडचा असतो आणि उठाव कधी-कधी त्याच थरात उरलेला असतो. तो विरघळवला की अंकही विरघळतात. नाण्यावर क्रमांक लिहू नये, आणि पीव्हीसीच्या मऊ खिशांच्या अल्बममध्ये तर ते मुळीच ठेवू नये. ते प्लास्टिक जुनं झालं की त्यातूनच हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो.

गंजात वस्तूखेरीज इतरही काही टिकलेलं असतं आणि ते ब्रशच्या एका फटक्यात जातं. तांब्याची संयुगं जंतूंना मारतात, म्हणून तांब्याला चिकटलेला धागा, लाकूड, चामडं कुजायचं राहतं. लोखंडाच्या गंजात तर मुठीच्या लाकडाचे तंतू खनिज होऊन जसेच्या तसे बसतात. मोहेंजोदडोला कापसाच्या कापडाचा पुरावा मिळाला तो चांदीच्या भांड्याला चिकटून उरलेल्या तुकड्यामुळे. म्हणून तिरप्या प्रकाशात प्रत्येक बाजू पाहायची. विणीची जाळी दिसली तर एका सेंटिमीटरमध्ये उभे किती आणि आडवे किती धागे, पीळ कुठल्या दिशेचा, हे मोजून लिहायचं. सुरीच्या पात्याच्या कुठल्या भागावर लाकडाचे तंतू आहेत ते लिहिलं की मूठ कुठपर्यंत होती हेच लिहिल्यासारखं होतं.

लोखंडाचे पुष्कळ गोळे बाहेरून केवळ गोळे असतात. त्यांना एक्स-रे हाच उपाय. वैद्यकीय यंत्रावरही आत खिळा आहे की बिजागरी, धातू किती उरला आहे, टोक कुठे संपतं, हे बऱ्याच वेळा दिसतं. फिल्मवर किंवा फाइलवर वस्तूचा क्रमांक शिशाच्या अंकांनी उमटवावा, आणि दोन बाजूंनी काढावा. एक्स-रे होईपर्यंत नोंदीत ‘लोखंडी पिंड, आकार अनिश्चित’ असं लिहायला संकोच वाटू नये.

नावांचा इथला एक खास गुंता आहे. एकाच गावात दोन भाषा नांदतात आणि चिठ्ठ्या दोन्हींत लिहिलेल्या असतात. गुजराती चिठ्ठीतली ‘सूडी’ म्हणजे आपला अडकित्ता, ‘दातरडुं’ म्हणजे विळा, ‘साणसी’ म्हणजे सांडशी. उतरवून घेणाऱ्याने ‘सूडी’चं ‘सुरी’ केलं की वस्तूची जातच बदलते. मूळ चिठ्ठीतला शब्द जसाच्या तसा एका रकान्यात ठेवावा, आणि सूचीसाठी ठरवलेला एकच शब्द दुसऱ्यात. जुना क्रमांकही कधी खोडू नये. एका वस्तूवर उत्खननाचा, जुन्या संस्थानी संग्रहाचा आणि आताचा असे तीन क्रमांक असले तर तिन्ही लिहावेत. एखादा जुना फोटो किंवा अहवाल नेमका त्यातल्या विसरलेल्या क्रमांकाशी जोडलेला असतो.

क्रमांक वस्तूवर घालायचा तो फक्त घट्ट, शांत थर असेल तरच. अ‍ॅसिटोनमध्ये २० टक्के पॅरालॉइड बी-७२ ही अ‍ॅक्रिलिक राळ विरघळवून त्याचा नखाएवढा पट्टा ओढायचा, पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर रंगद्रव्याच्या शाईने बारीक अंक आणि वर पुन्हा एक पातळ हात. जागा दर्शनी नको, तुटलेली कड नको, लेखाजवळ तर नकोच. खपल्या सुटणाऱ्या लोखंडावर हे करूच नये. जिथे अंक लिहिला तीच खपली आधी पडते. त्याला पिशवीवर एक आणि पिशवीच्या आत एक, अशी दोन लेबलं. आतलं न फाटणाऱ्या कृत्रिम कागदाचं. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्र, लोकर, लाल फेल्ट, सोफ्याचा स्पंज हेही नको. शिशाची वस्तू प्लायवूडच्या किंवा नव्या लाकडाच्या कपाटात नको, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने तिच्यावर पांढरी भुकटी धरते. हिरव्या रोगाच्या शोधात असणाऱ्या डोळ्यांना ही पांढरी भुकटी धूळ वाटते.

एक नमुना देतो, म्हणजे ‘गंजलेली’ या शब्दाची जागा काय घेऊ शकतं ते दिसेल. ‘कडं, तांब्याचा मिश्रधातू, सुमारे तीन-चतुर्थांश शिल्लक. बाहेरचा व्यास ५८ मि.मी., जाडी ६ मि.मी. वजन २१.४ ग्रॅम, चिकटलेल्या मातीसह. बहुतेक पृष्ठभागावर घट्ट, गडद हिरवा थर, तुटलेल्या कडेवर त्याखाली लालसर तपकिरी. आतल्या बाजूला, तुटीपासून उजवीकडे १२ मि.मी.वर, ३ मि.मी.चा फिकट पोपटी भुकटीचा डाग, सुईने सुटतो, खाली खड्डा. पिशवीच्या तळाशी हिरवी भुकटी, चिमूटभर. रोग चालू असण्याची शक्यता. वेगळं ठेवलं.’ एवढं लिहायला सराव झाल्यावर दहा मिनिटं लागतात. तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव त्याखाली.

पूर्वी झालेले उपचार हाही स्थितीचाच भाग, आणि ते बहुधा लिहिलेले नसतात. क्लोराइड काढण्यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवलेल्या वस्तूवर निळसर-हिरवं नवंच खनिज बसतं. ते मातीत तयार झालं असं समजून वर्णन केलं तर सगळं चुकतं. विजेच्या साह्याने सोललेल्या वस्तूचा पृष्ठभाग चाळणीसारखा, रंगाने चॉकलेटी दिसतो. भिंगाखाली चकाकणारा थर म्हणजे लाखेचा किंवा प्लास्टिकचा लेप, खाचांत पिवळट पांढरं साचलेलं म्हणजे मेण. आता तांब्यावर बहुधा मद्यार्कातलं ३ टक्के बेन्झोट्रायाझोल हे गंजरोधक वापरतात. ते शरीराला घातक आहे, म्हणून पुढे हाताळणाऱ्याला ते माहीत असणंही गरजेचं.

डबा घट्ट झाकणाचा, पॉलिप्रोपिलीनचा. लोखंडासाठी आत वस्तूंच्या एकूण वजनाइतकी तरी कोरडी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे), जास्त असली तर उत्तमच. जेल वस्तूंना टेकता कामा नये, ती जाळीच्या पिशव्यांत. वस्तूंच्या पिशव्यांना वरच्या बाजूला भोकं पाडलेली हवीत, हे हमखास विसरलं जातं. बंद पिशवीतला ओलावा जेलपर्यंत पोचत नाही आणि कोरड्या डब्यातही लोखंड ओल्या पिशवीत गंजत राहतं. आर्द्रतेची पट्टी झाकण न उघडता बाहेरून वाचता येईल अशी चिकटवायची. जेलचा रंग बदलला की १०५ ते ११० अंशांवर काही तास तापवून, थंड करून परत. लोखंडी पात्याला हाडाची मूठ असेल तर मात्र १५ टक्क्यांचा कोरडेपणा हाडाला चिरतो. अशा वस्तूची नोंद लाल शाईने वेगळी करावी आणि तिचा निर्णय रासायनिक जतन करणाऱ्यावर सोडावा. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ साली शहरात कुठवर आलं ते इथे सगळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा धातूचे डबे सगळ्यांत खालच्या फळीवर नसावेत.

फेरतपासणी वर्षातून तीनदा तरी हवी. पावसाआधी ज्येष्ठात, ऐन श्रावणात, आणि पाऊस ओसरल्यावर अश्विनात. श्रावणातली सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत अवघड, कारण डबा उघडताच बाहेरची ओली हवा आत घुसते. आधी बाहेरून पट्टीचा आकडा लिहून घ्यायचा. मग एका वेळी एकच डबा, झाकण पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडं नाही. पिशवीचा तळ, मागच्या फोटोशी ताडून पाहायचा डाग, नवे थेंब. काहीच बदललेलं नसेल तरी ओळ रिकामी सोडायची नाही. ‘बदल नाही’ असं लिहायचं, पुढे तारीख आणि सही, आणि झाकणाच्या चारही कडा दाबून बसल्या आहेत ना ते बोटाने फिरवून पाहायचं.